बल्बकाकांची गाडी टेलरबाईंच्याच दारात का बंद पडते

बल्बकाकांचं टेलरबाईंशी काहीतरी आहे, ही बातमी गल्लीत पहिल्यांदा सोडली ती सलूनवाल्याने. गालाला साबण लावलेल्या माणसाला उठून जाता येत नाही आणि तोंड उघडून विरोधही करता येत नाही. त्यामुळे सलूनवाल्याची प्रत्येक बातमी निदान एकाला तरी पूर्ण ऐकावीच लागते. आणि या वेळी त्याच्याकडे पुरावाही होता. संध्याकाळी दुकान बंद करून काका मोटारसायकलवरून घरी निघतात. सगळा रस्ता गाडी शहाण्या मुलीसारखी चालते आणि टेलरबाईंचं दुकान आलं की फुस्स. नेमकी तिथंच! मग काका उतरणार, गाडी कडेला घेणार, सीट काढणार, वायरी चिवडत बसणार. आत बाई मशीनवर वाकलेल्या, डोळे कापडावर आणि कान रस्त्यावर. शिवाय काकांची बायको मुलाकडे गेलेली, वय साठीला टेकलेलं, पण डोक्यावरचे केस अजून शाबूत.

"आता यात न समजण्यासारखं काय आहे?" वस्तरा झटकत सलूनवाला विचारायचा.

बातमी खोटी होती. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत लग्नाच्या जेवणाची वाट बघत बसायचा. गाडी खरोखरच बंद पडत होती. रोजही नाही, कधी लागोपाठ दोन दिवस, कधी आठवडाभर काहीच नाही आणि मग अचानक पुन्हा. आणि तिच्या बंद पडण्याची सगळ्यात जास्त लाज कोणाला वाटत असेल, तर ती खुद्द बल्बकाकांना. कारण त्यांचा धंदाच तो. गाड्यांचं वायरिंग.

बल्बकाका हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. खरं नाव घरावरच्या पाटीवर आहे, पण पाटीवर वेल चढून आता बरीच वर्षं झाली. एका छोट्या बल्बला दोन वायरी जोडलेला टेस्ट लॅम्प कायम त्यांच्या गळ्यात असतो. वायरीचं एक टोक इथे लावायचं, दुसरं तिथे. बल्ब पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही. दुकानात मीटरही आहे, आकडेबिकडे दाखवणारा. पण काका म्हणायचे, "मीटर बोलतो फार. बल्बाचं काय ते हो किंवा नाही." हा बल्ब गळ्यात घालून ते बँकेत गेलेत, लग्नांना गेलेत, आणि मुलाच्या साखरपुड्याच्या फोटोतही तो शर्टाच्या बटणांमधून बाहेर डोकावतोय. त्यावरून काकू फोटोवाल्यासमोरच काय काय बोलल्या, ते गल्लीत अजून पाठ आहे.

काकांचं दुकान म्हणजे एक शटर, आत दीड गाडी मावेल एवढी जागा, भिंतीवर वायरींची भेंडोळी आणि कोपऱ्यात हत्यारांचं लोखंडी कपाट. पण त्यांची कामाची एक पद्धत होती आणि ती दुसऱ्या कोणाकडे नव्हती. गिऱ्हाईक यायचं, "काका, अचानक बंद पडते हो," म्हणायचं. काका वायरीला हात लावायच्या आधी त्याच्याकडे बघत राहायचे.

"अचानक काही होत नसतं. बंद पडली तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"काय करणार? चालवत होतो."

"मग तशी चालवत आणा. गाडी नुसती आणू नका, जशी बंद पडली तशी आणा."

लोक हसायचे. पण एका औषधांच्या सेल्समनची गाडी तीन मेकॅनिकांकडून परत आली होती. त्याला काकांनी बॅगेसकट, हेल्मेटसकट, गाडीवर बसून रोजच्यासारखं वळायला लावलं. वळताना बॅगेचा पट्टा हँडलवरच्या लाल बटणाला घासत होता आणि इंजिन बंद होत होतं. एका पेपरवाल्याची गाडी फक्त पहाटे बंद पडायची. काकांनी त्याला गठ्ठे लादून बोलावलं. गठ्ठ्यांच्या वजनाने सीट खाली बसत होती आणि तिच्या पायाखाली एक वायर चेचली जात होती. "फॉल्ट नुसता गाडीत नसतो," काका हात पुसत सांगायचे, "गाडी आणि माणूस मिळून फॉल्ट करतात."

असा हा माणूस. आणि त्याचीच गाडी भर रस्त्यात, टेलरबाईंच्या दारात, सगळ्या गल्लीदेखत मान टाकायची.

आता काकूंबद्दल. काकू पळून गेल्या, भांडून गेल्या, असंही सलूनवाल्याने मधल्या काळात चालवून बघितलं होतं, पण ते चाललं नाही. त्या गेल्या सुनेच्या बाळंतपणाला. जाताना म्हणाल्या, "बाळाने मान धरली की येते." बाळाने मान धरली. मग म्हणाल्या, बसायला लागू दे. बाळ बसायला लागलं, तेव्हा रांगायला लागू दे. रांगायला लागलं तेव्हा तर घरात एक माणूस मागे पळायला हवंच होतं. मग दात आले, मग पाऊल टाकलं, मग बोलायला लागलं. सून नोकरीवर, मुलगा नोकरीवर. आता नात शाळेसारख्या कुठल्यातरी ठिकाणी जायला लागली होती आणि तिला तिथून आणायला आजीच लागत होती. काकूंच्या येण्याची तारीख त्या पोरीबरोबर वाढतच चालली होती.

जायच्या दिवशी बस सुटता सुटता काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि कमरेचा जुडगा काकांच्या हातात टाकला. "हा सांभाळा. आणि कुठेतरी ठेवू नका, विसराल. अंगावरच ठेवा."

जुडगा म्हणजे भलताच होता. मोठ्या कपाटाची किल्ली, कपाटातल्या कप्प्याची, धान्याच्या कोठीची, अंथरुणांच्या पेटीची, गच्चीची, मागच्या दाराची, भांड्यांच्या फडताळाची. कुलपं जुनी, दणकट, त्यामुळे किल्ल्याही पितळी, बोटभर लांब. एक किल्ली तर कशाची होती तेही कोणाला ठाऊक नव्हतं, पण काकूंनी ती कधी काढली नाही, म्हणून काकांनीही नाही. "अंगावर ठेवा" म्हटलं होतं; काकांनी तो अख्खा जुडगा आपल्या गाडीच्या चावीच्या कडीत ओवून टाकला. त्या कडीत घराची, शटरची आणि हत्यारांच्या कपाटाची किल्ली होतीच. कडी कधी हरवत नसे. कामावर जाताना गाडीला, दिवसभर हत्यारांच्या कपाटाच्या कुलपात लटकलेली, घरी जाताना पुन्हा गाडीला.

आणि गंमत म्हणजे त्यातलं एकही कुलूप काकांनी कधी उघडलं नाही. काय उघडणार? एक पातेलं, एक ताट, एक पेला, एवढ्यावर त्यांचा संसार ओट्यावरच मावत होता. जेवायचे तेही ओट्यापाशी उभ्याने. ताट घेऊन टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसायची. मग त्यांनी त्या खुर्चीवर एक हेडलाईट आणून ठेवला, दुरुस्तीसाठी म्हणून. तो दुरुस्त झाला, गिऱ्हाईकाने दुसरा बसवूनही घेतला, पण हेडलाईट खुर्चीवरून हलला नाही. समोर कोणीतरी डोळे वटारून बसलंय, एवढं तरी वाटायचं.

संध्याकाळी फोन यायचा, चेहरा दिसणारा. म्हणजे दिसायला हवा तसा. फोन नातीच्या हातात असायचा, त्यामुळे काकांना बहुतेक वेळा तिकडच्या छताचा पंखा दिसायचा आणि मधेच एक कपाळ. काकूंचा आवाज मागून, भांड्यांच्या आवाजात मिसळलेला.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

"केलं होतं काहीतरी. अगं, तुमचा तो पंखा हलतोय. वरचा नट बघायला सांग."

"बघतील हो ते. तुमचं सांगा."

सांगण्यासारखं फार नसायचं. काका पंख्याकडे बघत बसायचे. मुलाच्या घरातलं सगळ्यात ओळखीचं त्यांना काय असेल, तर तो पंखा.

मुलगा फोनवर आला की एकच विषय. "बाबा, बस झालं आता. दुकान सोडा, इकडे या. तुमची खोली तयार आहे."

"खोलीत मी काय करू?"

"आराम करा."

"तो मी इथेही करतो. मधे मधे कामही करतो."

हे कितीतरी दिवस असंच चाललं असतं. पण ही गाडी बंद पडायला लागली आणि काकांच्या तोंडून एकदा भलतंच निघून गेलं. त्या दिवशी टेलरबाईंच्या दारात गाडी ढकलताना एक जुनं गिऱ्हाईक भेटलं होतं. हसून म्हणालं, "काका, कोणी चांगला वायरिंगवाला बघून देऊ का?" माणसाने चेष्टाच केली होती. पण ती काकांना लागली. फोनवर ते मुलाला म्हणाले, "हे बघ, हा फॉल्ट सापडू दे. सापडला तर दुकान चालू राहील आणि पुन्हा विषय काढायचा नाही. तू घ्यायला येशील तोवर नाही सापडला, तर शटर ओढतो आणि मुकाट्याने गाडीत बसतो. स्वतःच्या गाडीचा फॉल्ट ज्याला सापडत नाही, त्याने लोकांच्या गाड्यांना हात लावू नये."

मुलाने लगेच येण्याचा रविवार ठरवूनही टाकला. पोराने बापाला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शब्दात पकडलं होतं, आनंद झाला असणारच. पाठीमागून भांड्यांचा आवाज थांबला. काकू एवढंच म्हणाल्या, "शोधा हो नीट." पंख्याखालून आलेला तो आवाज काकांच्या मनात नंतर बराच वेळ राहिला. शोधा म्हणजे काय? सापडू दे म्हणते, की सापडला नाही तर बरं म्हणते? बल्ब लावून बघण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

मग काका गाडीच्या मागेच लागले. धक्क्याने बंद पडते, एवढं तर दिसतच होतं. टेलरबाईंच्या दारासमोर हल्लीच पाईप टाकायला रस्ता खणून ओबडधोबड बुजवलेला होता. जाताना तो पलीकडच्या अंगाला राहायचा, येताना बरोबर चाकाखाली यायचा. त्यामुळे बाईंची अब्रू खरं तर त्या पाईपवाल्यांनी घालवली. धक्का म्हणजे सैल वायर. काकांनी फ्यूज बदलला, बॅटरीची टोकं घासूनपुसून आवळली, जोडण्या उघडून साफ केल्या, लाल बटण काढून सरळ वायर जोडून बघितली. गाडी स्टँडवर लावून तिच्यावर उभे राहून उड्या मारल्या. साठीचा माणूस मोटारसायकलवर उभा राहून उड्या मारतोय, हे बघायला समोरचा पंक्चरवाला स्टूल घेऊन बसला. गाडी हूं की चूं नाही.

मग त्यांनी आपला हुकमी डाव टाकला. टेस्ट लॅम्पचं एक टोक चावीच्या स्विचमधून बाहेर येणाऱ्या वायरीला जोडलं, दुसरं गाडीच्या सांगाड्याला, आणि बल्ब हँडलवर टेपने चिकटवला. बंद पडताना बल्ब पेटलेला राहिला तर दोष पुढे, विझला तर मागे, बॅटरीपासून चावीपर्यंत. त्या संध्याकाळी खड्डा आला, गचका बसला, इंजिन गेलं. आणि बल्बही गेला. काकांना एवढा आनंद झाला की ते बाईंच्या दारात "वा!" असं मोठ्याने म्हणाले. सलूनवाल्याला पुढचा आठवडा तेवढंच पुरलं.

अर्धी गाडी सुटली, अर्धी उरली. त्या अर्ध्यातली वायर काकांनी नवी कोरी टाकली. चावीचं स्विच उघडलं. आतून थोडं झिजलेलं होतं, पण दुकानातल्या टेबलाच्या खणातली जादाची चावी घालून त्यांनी ते डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, दाबलं, हलवलं; बल्ब लख्ख. स्विच निर्दोष सुटलं. दुपारी त्याच जादाच्या चावीने गाडी काढून ते मुद्दाम खड्ड्यावरून गेले, परत आले, पुन्हा गेले. काही नाही. संध्याकाळी घरी निघाले, गचका, फुस्स.

म्हणजे संध्याकाळीच! हेडलाईट लावल्यामुळे असेल का? भर उन्हात हेडलाईट लावून खड्ड्यावरून फेऱ्या मारल्या. काही नाही. सलूनवाल्याचं म्हणणं मात्र आता आणखी भक्कम झालं. दुपारी टेलरबाई दुकान बंद करून जेवायला जातात. "बाई नसताना बंद पडून गाडीला काय मिळणार?" तो म्हणाला आणि ज्याचे केस कापणं चालू होतं त्यानेही मान हलवली, जी हलवायची नसते.

एक गोष्ट मात्र काकांनी कोणाला सांगितली नाही. गाडी बंद पडली की चार माणसं जमायची. कोणी बॅटरी बघा म्हणायचं, कोणी पेट्रोल आहे का विचारायचं, चणेवाला फुकटचे दाणे हातावर ठेवायचा, सलूनवाला दारातून टोमणा मारायचा. गाडी पुन्हा सुरू होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं माणसांचे आवाज. ज्या दिवशी गाडी खड्डा पार करून नीट निघून जायची, त्या दिवशी काका सरळ घरी पोचायचे, दार उघडायचे आणि हेडलाईटसमोर येऊन उभे राहायचे. त्या दिवशी वाटायचं, पडली असती तरी चाललं असतं. मग स्वतःचाच राग यायचा. फॉल्ट शोधणाऱ्याला फॉल्ट आवडायला लागला म्हणजे दुकान आजच बंद केलेलं बरं.

मुलाचा रविवार आला दोन दिवसांवर. त्या संध्याकाळी गाडी पुन्हा मेली. या वेळी टेलरबाई स्वतः बाहेर आल्या. गळ्यात मापाची टेप, हातात कात्री. समोर काका, गळ्यात वायरी. आसपासची माणसं श्वास रोखून उभी राहिली.

"अहो बल्बवाले," बाई म्हणाल्या, "एक सांगा. गावात इतके रस्ते, इतकी दारं. माझ्याच दाराने काय पाप केलंय?"

"बाई, खड्डा तुमच्या दारात आहे, त्याला मी काय करू?"

"खड्डा माझ्या दारात, गाडी माझ्या दारात, आणि नाव कोणाचं जातंय? काल एक बाई ब्लाउजचं माप द्यायला आली, तर मला विचारते, काय हो, कधी उरकताय?"

सलूनवाला घाईघाईने आत गेला आणि नसलेल्या गिऱ्हाईकाची खुर्ची पुसायला लागला.

काकांचे कान लाल झाले. "माफ करा, बाई. रविवारपर्यंतच त्रास आहे. मग मी जातोय मुलाकडे, कायमचा. सापडत नाही तो फॉल्ट. सगळं बघितलं."

बाईंची कात्री खाली आली. एवढं त्यांना अपेक्षित नव्हतं. मघाचा आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "मला तुमच्या मशिनरीतलं काही कळत नाही. पण मी आत बसून रोज ऐकते ना. आधी किल्ल्या खळ्ळकन वाजतात, मग गाडी गप्प होते. ज्या दिवशी किल्ल्या तशा वाजत नाहीत, त्या दिवशी गाडी निघून जाते. मी तर आता किल्ल्या वाजल्या की सुई वर घेऊन थांबते, म्हटलं आला बाबा."

"काय म्हणालात?"

"आला बाबा."

"त्याच्या आधी!"

"किल्ल्या वाजतात म्हटलं."

काका गाडीकडे बघत राहिले. गाडी बंद पडली की पहिलं काम म्हणून चावी काढून जुडगा खिशात टाकायचा, ही सवय. घरच्या किल्ल्या कोणी उघड्यावर ठेवतं का! आणि दुकानात जुडगा कपाटाला लटकलेला, गाडीला खणातली चावी. उड्या मारल्या त्या खणातल्या चावीवर. दुपारच्या फेऱ्या त्याच चावीवर. स्विच निर्दोष सोडलं तेही तिच्याच साक्षीवर. सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं, जशी बंद पडली तशी आणा. स्वतःची गाडी मात्र त्यांनी एकदाही तशी आणली नव्हती.

त्यांनी गळ्यातला बल्ब काढून पुन्हा स्विचच्या वायरीला जोडला आणि खिशातून जुडगा काढला. चावी स्विचमध्ये घातली, फिरवली. बल्ब पेटला. पितळी किल्ल्यांचा घोस खाली लोंबत होता. काकांनी दोन्ही हातांनी हँडल धरून पुढचं चाक जोरात दाबून सोडलं. घोस उसळला, खळ्ळकन आपटला, आणि बल्ब विझला. काकांनी वाकून बघितलं. झिजलेल्या स्विचमध्ये चावी केसभर मागे फिरली होती, डोळ्याला दिसू नये एवढीच. त्यांनी घोस तळहातावर उचलून धरला, चावी जागेवर आणली, बल्ब लख्ख. पुन्हा लोंबकळू दिला, पुन्हा गचका, गेला. घोस हातावर घेऊन गचके दिले. विझला नाही बल्ब.

शेवटी सलूनवाल्याला राहवलं नाही, तो दारात आला. "म्हणजे काय रे बल्ब? गाडी कोण बंद पाडत होतं?"

"आमची ही," काका म्हणाले. "दोनशे मैलांवरून."

सगळे खो खो हसले. टेलरबाई तोंडावर मापाची टेप धरून हसल्या. काकाही हसले, पण जुडगा त्यांनी तळहातावरून खाली ठेवला नाही. सलूनवाल्याची बातमी तिथंच मेली. त्याचा चेहरा असा झाला की बाईंनी त्याला आत बोलावून पाणी दिलं. झालं, दुसऱ्या दिवसापासून त्याच दोघांची बातमी सुरू झाली. ती पंक्चरवाल्याने सोडली.

काकांनी जुडगा कडीतून सोडवला आणि खिशात घातला. नुसत्या चावीवर गाडी निघाली. दुसऱ्या संध्याकाळीही खड्डा आला, गचका बसला, इंजिन आपल्या तालात चालत राहिलं. चणेवाल्याने नुसता हात केला. बाई आत शिवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, आता कारण नव्हतं. उजेड असतानाच काका घरी पोचले. संध्याकाळ केवढी लांब असते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

स्वयंपाकघराच्या दाराशी खिळा होता, काकूंचा. त्यावर त्यांनी जुडगा अडकवला. थोड्या वेळाने काढला. मोठ्या कपाटापुढे उभं राहून एकेक किल्ली लावून बघितली. एक फिरली. आत सगळं घडी घालून, थराथरांत, डांबराच्या गोळ्यांसकट बसलेलं. सगळ्यात वर त्यांचा राखाडी स्वेटर होता, कोपराला काकूंनी रफू केलेला. ज्याच्यावाचून दोन हिवाळे त्यांनी दुकानातल्या जुन्या कोटावर काढले होते, तो इथे हातभर अंतरावर होता आणि किल्ली रोज खिशात होती. काकांनी स्वेटरवर हात ठेवला. मग काही न काढता दार लावलं आणि किल्ली फिरवली.

रविवारी मुलगा आला, रिकामी डिकी घेऊन. काकांनी त्याला गाडीवर मागे बसवलं आणि खड्ड्यावरून दोनदा फिरवून आणलं. मुलाने फॉल्ट ऐकला आणि हसला. विषय पुन्हा काढायचा नाही, असं ठरलेलं होतं.

"मग आईला काय सांगू?"

काकांनी रुमालात बांधलेली एक जड पुरचुंडी त्याच्या हातात ठेवली. "हे दे. तिचंच आहे."

"बाबा, तुम्ही इथे एकटे..."

"दुकान आहे ना. आणि त्या पंख्याचा नट आवळ. मला इथून दिसतंय."

मुलगा गेला. दुसऱ्या संध्याकाळी काकांनी उभ्याने जेवून घेतलं. फोन वाजला तेव्हा ते ओट्यापाशीच होते. या वेळी पंखा दिसला नाही. फोन काकूंनी स्वतः धरला होता, त्यामुळे चेहरा पूर्ण दिसत होता, आणि चेहऱ्याच्या शेजारी वर धरलेला जुडगा. केस बरेच पांढरे झाले होते. हे पंख्यामुळे काकांना इतके दिवस कळलंच नव्हतं.

"अहो, हे काय? डोकं ठिकाणावर आहे का? कुलपं सगळी तिकडे आणि किल्ल्या इकडे पाठवल्या?"

"गाडी बंद पडत होती त्याने."

"ते सांगितलं मला. म्हणून काय माझ्याकडे पाठवायच्या? खिळ्याला लावायच्या होत्या! इथे मी काय उघडू त्याने?" आणि मग एकदम आठवून, "अहो, तुमचा स्वेटर मोठ्या कपाटात आहे. आता थंडी येईल, तेव्हा काय करणार आहात?"

बल्बकाका म्हणाले, "म्हणूनच पाठवल्या. थंडी पडायच्या आत ये आणि काढून दे."